टॅब्लेटवरील उतरणमार्ग आणि समोरची धावपट्टी

खारघरहून बारामतीला विमान चालवण्यास शिकायला जाताना आपण टॅब्लेट जरूर न्यावा. मात्र त्यावरील अ‍ॅपमध्ये दिसणारा उतरणमार्ग, म्हणजे धावपट्टीकडे उतरत जाणारी तिरकी वाट, केवळ सल्ल्यापुरता असतो, हे प्रथम मनात ठसवावे. तीन अंशांच्या मार्गावर दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उंची कमी होते आणि जमिनीच्या सापेक्ष नॉटमधील (तासाला सागरी मैल) वेगाला पाचने गुणले की मिनिटाला किती फूट उतरायचे ते कळते, म्हणजे ७० नॉटला ३५० फूट. हा हिशेब तोंडपाठ असला, की अ‍ॅपमध्ये चुकीची धावपट्टी निवडली गेल्याचेही लगेच ध्यानात येते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे अखेरच्या टप्प्यात पडद्याकडे पाहत राहणे. तेव्हा नजर धावपट्टीवर, वेगदर्शकावर आणि पापीचे (PAPI, म्हणजे उतरण्याची उंची योग्य आहे का ते दाखवणारे धावपट्टीशेजारचे) दिवे असतील तर योग्य उंची दाखवणाऱ्या दोन पांढऱ्या, दोन लाल दिव्यांवर हवी. शिवाय एप्रिलच्या उन्हात टॅब्लेट तापून बंद पडू शकतो.