बाटलीतला तुकडा कुठे गेला?

प्रश्न : माझ्या वडिलांचा (वय ६८) डावा डोळा वर्षभर गळत होता. नाकाशेजारी वाटाण्याएवढी सूज होती. नळी बंद झाली म्हणून डीसीआर (हाडातून नाकात नवी वाट करून देणारं ऑपरेशन) केलं आणि तपासणीच्या रिपोर्टमध्ये लिम्फोमा निघाला. अश्रूंच्या नळीत असला कॅन्सर कसा होतो? (महाल)

उत्तर : डोळ्यात थेंब टाकले की थोड्या वेळानं घशात कडू लागतं ना, तोच हा रस्ता. दोन्ही पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं एकेक छिद्र असतं. तिथून पाणी बारीक नळ्यांतून नाकाच्या हाडालगतच्या अश्रुपिशवीत जातं आणि पिशवीतून नाकात उतरतं. हा रस्ता बाहेरच्या हवेला उघडा असल्यामुळे त्याच्या अस्तरात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी पहारेकऱ्यांसारख्या असतात. त्यांतल्याच एखाद्या पेशीची पिलावळ बेलगाम वाढली की लिम्फोमा होतो. गळ्यातल्या किंवा काखेतल्या गाठींतूनच तो सुरू व्हायला हवा, असं काही नाही.

आजार दुर्मीळ आहे. अश्रुपिशवीच्या गाठीच मुळात कमी, आणि त्यांतल्या बहुतेक अस्तराच्या पेशींपासून होतात. लिम्फोमाचा वाटा थोडा, आणि तोही बहुधा उतारवयात. कधीकधी आधीपासून शरीरात असलेला लिम्फोमा किंवा रक्ताचा कॅन्सर इथे डोकावतो. म्हणून वडिलांचं पेट-सीटी (सगळ्या शरीराचा स्कॅन) आणि रक्ततपासण्या होतील. कदाचित बोन मॅरोही, म्हणजे हाडातला मगजही, तपासतील. त्याला घाबरू नका.

तुमच्या सर्जननी पिशवीचा तुकडा तपासायला पाठवला, म्हणून हे कळलं. दरवेळी पाठवावा की नाही, यावर आम्हा डॉक्टरांत मतभेद आहेत. मी पाठवतो. अनेकदा तो तुकडा ठेवलेली फॉर्मेलिनची (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली नातेवाइकांच्याच हाती देतात, ‘लॅबमध्ये नेऊन द्या’ म्हणून. ऑपरेशन झालं, पाणी थांबलं, सगळे खूश, आणि बाटली घरी फ्रिजच्या दारात. माझ्याच एका पेशंटची बाटली तीन आठवडे तिथे होती आणि मीही पाठपुरावा केला नव्हता. तेव्हापासून रिपोर्ट हाती आल्याशिवाय मी फाइल बंद करत नाही.

प्रश्न : उन्हाळा लागला की माझे दोन्ही डोळे सारखे वाहतात. हा तोच आजार तर नाही ना? (सीताबर्डी)

उत्तर : नाही हो. नागपूरच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांची झळ बाहेर आणि थेट तोंडावर सोडलेला कूलर घरात. डोळा कोरडा पडतो आणि चुरचुरला की भसाभस पाणी सोडतो. कूलरची दिशा बदला, गाडीवर गॉगल लावा. एवढ्यानं थांबलं नाही तर डोळे दाखवा.

प्रश्न : पत्नीचा (वय ५९) उजवा डोळा गळतो. कोपऱ्यातली सूज दाबली तरी बसत नाही. सिरिंजिंग (सिरिंजने नळीत पाणी सोडून तपासणी) केलं तेव्हा पाणी घशात उतरलं, पण दोन-चार थेंब रक्तही आलं. डॉक्टर म्हणतात आधी स्कॅन. शेजारचे काकाजी म्हणतात, ‘साधी नळी आहे जी, करून टाका ऑपरेशन.’ (मानेवाडा)

उत्तर : काकाजींना नमस्कार सांगा आणि स्कॅन करा. पत्नीच्या डोळ्याचा बाहेरचा कोपरा कानाकडे हलकेच ओढला तर नाकाच्या बाजूला एक आडवी दोरी ताणलेली दिसेल. तो पापण्यांना हाडाशी बांधणारा बंध. पिशवीची नेहमीची सूज तिच्या खाली राहते आणि दाबली की बहुधा पू किंवा चिकट पाणी बाहेर येतं. सूज दोरीच्या वर चढली असेल, टणक असेल, दाबून रिकामी होत नसेल, तर आम्ही सावध होतो. नळी उघडी असूनही डोळा गळणं आणि रक्त येणं, या दोन्ही गोष्टी त्याच संशयाकडे बोट दाखवतात. हा कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही, पण सीटी किंवा एमआरआय आणि तुकड्याची तपासणी झाल्याशिवाय त्या हाडाला कुणी हात लावू नये.

आणखी एक. सूज उतरावी म्हणून मधेच कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. लिम्फोमा त्या गोळ्यांनी काही दिवस विरघळल्यासारखा होतो आणि मग तुकड्यात नेमकं काय आहे ते ओळखता येत नाही.

प्रश्न : डोळा काढावा लागेल का? उपचारांसाठी मुंबईला जावं लागेल का? आणि गळणं थांबेल का? (पहिल्याच वाचकाचे पुढचे प्रश्न)

उत्तर : डोळा काढावा लागत नाही. लिम्फोमा कापून बरा करायचा आजार नाही. उपचार प्रकारावर ठरतात. माल्ट नावाचा संथ प्रकार एवढ्याच जागेत असेल तर रेडिएशन पुरतं. त्याचा डोस साधारण २४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), तोही बारा भागांत. नंतर डोळा कोरडा पडू शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. मोठ्या बी-पेशींचा (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) वेगवान लिम्फोमा असेल तर रिटुक्सिमॅब या बी-पेशींवर नेम धरणाऱ्या औषधासह केमो, दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे, कारण झोपलेला विषाणू त्यानं जागा होतो.

मुंबई कशाला? नागपुरातच राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. जिथे जाल तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेचं पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

गळणं कधी गाठ विरघळल्यावर आपोआप कमी होतं. नाही झालं तर आजार आटोक्यात आल्यावर नाकातून पुन्हा वाट करून देता येते. तोवर रुमाल स्वच्छ ठेवा आणि डोळा बाहेरून आत, नाकाकडे टिपा. खाली ओढून पुसत राहिलं की पापणी सैल पडते.