नागपूरला हिवाळी अधिवेशन चालू असताना विधानसभा इथल्या खंडपीठाच्या न्यायाधीशांना हटवू शकते का?

नाही. विधानभवन आणि हायकोर्ट दोन्ही सिव्हिल लाइन्सलाच असले तरी हटवणं लांबच, न्यायाधीशांच्या कामकाजातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चासुद्धा करता येत नाही. राज्यघटनेचं कलम २११ वाचा. हा अधिकार संसदेचा. कलम २१७ आणि २१८ मधून वाट थेट १२४(४) ला, म्हणजे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश हटवण्याच्या पद्धतीकडे जाते:

- लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या
- लोकसभा अध्यक्षांनी किंवा राज्यसभा सभापतींनी प्रस्ताव दाखल करून घेतला की तिघांची चौकशी समिती
- दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश

समितीने दोषी धरलं तरी खुर्ची जाईलच असं नाही. १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्या. व्ही. रामस्वामी यांच्या वेळी काँग्रेस मतदानापासून दूर राहिली आणि प्रस्ताव पडला.

खरा वाद पुढे आहे: हटवल्यावर कोर्टात दाद मागता येते का? आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये, सरोजिनी रामस्वामी खटल्यात, राष्ट्रपतींनी हटवण्याचा आदेश काढल्यानंतर येते असं म्हटलं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मात्र १९९३ मध्ये, न्यायाधीश वॉल्टर निक्सन यांच्या प्रकरणात, सिनेटने सुनावणी कशी घेतली यात लक्ष घालायला नकार दिला. मला आपली भूमिका जास्त पटते. फक्त एक, भारतात अजून एकही न्यायाधीश या मार्गाने प्रत्यक्ष हटलेला नाही, त्यामुळे तो निकाल कसोटीला लागलेलाच नाही.