एकाच आळीत एकाच धंद्याची दुकाने

प्रश्न : पुण्याच्या जुन्या पेठांत हिंडताना एकीकडे भांड्यांची, तर दुसरीकडे पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात. भिंतीला भिंत लावून प्रतिस्पर्धी बसलेला असताना ही दुकाने चालतात कशी आणि इतकी वर्षे टिकली कशी?
– एक वाचक

उत्तर : आपण ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणता, ते बऱ्याच अंशी एकमेकांच्या आधारानेच धंदा करतात. कसबा पेठेतील तांबट आळीचे उदाहरण घ्या. पेशवाईत येथे वसलेल्या तांबटांचे वंशज आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम, म्हणजे हातोडीने ओळीने ठोके देण्याचे काम, करतात. ठोक्यांच्या त्या ओळी केवळ शोभेसाठी नसतात, तर ठोकल्यामुळे मऊ तांब्याला कणखरपणा येतो. भट्टीची धग आणि दिवसभराची ठोकाठोक निमूटपणे सोसणारा शेजार बहुधा आपल्याच धंद्यातला असावा लागतो. शिवाय तांब्याचा पत्रा पुरवणारा व्यापारी किंवा मोड, म्हणजे तांब्याचे भंगार, विकत घेणारा अशाच ठिकाणी फेरी मारतो, कारण तेथे एका खेपेत त्याला अनेक गिऱ्हाइके भेटतात.

अप्पा बळवंत चौकातील पुस्तकविक्रीचे गणित थोडे निराळे आहे. हवे ते पुस्तक दुकानात नसले, तर मालक पोऱ्याला शेजारी पिटाळून ते मागवून देऊ शकतो. नफा विभागला जातो, पण गिऱ्हाईक हातचे जात नाही. (पुणेरी दुकानदाराविषयीच्या प्रचलित समजाशी हे जुळत नाही, याची आम्हांला कल्पना आहे.)

दुकाने टिकण्यामागचे एक मोठे कारण मात्र रुक्ष आहे, ते म्हणजे भाडे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुनी भाडी जवळजवळ जागच्या जागी राहिली आणि पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. यातून दुकानदाराला निर्धास्तपणा मिळाला, परंतु तुटपुंज्या भाड्यात वाड्याची डागडुजी करणे मालकाला परवडेना. मग वाडा मोडकळीस येतो आणि पाडून नवी इमारत उभारण्याची बोलणी सुरू होतात. पुस्तकाच्या दुकानाला नव्या इमारतीतला गाळा चालतो. तांबटाचे तसे नाही. त्याला हक्काचा गाळा परत मिळाला, तरी वर सदनिका असलेल्या इमारतीत भट्टी पेटवू देण्यास कोणी राजी होत नाही.