ऑल्ट टॅब केल्यावर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) गप्प का बसतो?

बहुतेकदा तो बंद पडलेला नसतो, विंडो बदलते पण फोकस (कीबोर्ड सध्या जिथे काम करतो ती जागा) आतल्या कुठल्याच गोष्टीवर बसत नाही, मग तो बोलणार तरी काय. इन्सर्ट टी दाबा, विंडोचं नाव ऐकू येईल, मग इन्सर्ट टॅब दाबून फोकस कशावर आहे ते बघा. मला तर एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये परत आलं की नुसतं "पेन" ऐकू येतं (लिहायचं पेन नव्हे, विंडोचा रिकामा भाग), मग परत एकदा ऑल्ट टॅबने बाहेर जाऊन आत आलं की बोलायला लागतो. एकाच अ‍ॅपमध्ये गप्प असेल तर स्लीप मोड (त्या एकाच ठिकाणी एनव्हीडीएला गप्प ठेवणारी सोय) चुकून लागला असेल, तो काढायला एनव्हीडीएच्या डेस्कटॉप कीबोर्ड लेआउटला इन्सर्ट शिफ्ट एस, लॅपटॉपला इन्सर्ट शिफ्ट झेड. अगदीच ढिम्म असेल तर कंट्रोल ऑल्ट एन, एनव्हीडीए रीस्टार्ट होतो.