चीनमधला पंप पुरवठादार ‘ताइझोऊ’चा आहे, पण नकाशावर दोन ताइझोऊ दिसतात. आमचं नेमकं कोणतं?

दोन्ही खरी आहेत. एक झेजियांग प्रांतात समुद्रकाठी, दुसरं जियांग्सू प्रांतात यांगत्से नदीच्या उत्तरेला. सरळ रेषेत अंतर साधारण ४४० किलोमीटर. पंप म्हटल्यावर झेजियांगमधलं असण्याची शक्यता जास्त, कारण त्याच्या हद्दीतलं वेनलिंग पंपांसाठी आणि ह्वांगयान प्लास्टिकच्या साच्यांसाठी प्रसिद्ध आहे. जियांग्सूतल्या ताइझोऊची ओळख औषधं आणि जहाजबांधणीची. पण नुसत्या अंदाजावर पैसे पाठवू नका.

घोळ रोमन स्पेलिंगमुळे होतो. चिनीत दोन्हींचं पहिलं अक्षर वेगळं आहे आणि सूरही. झेजियांगच्या ‘ताइ’चा सूर उंच आणि सपाट राहतो, जियांग्सूच्या ‘ताइ’चा वरून खाली आपटतो. सूरचिन्ह गाळलं की फरक संपला. (शान्शी नावाचे दोन शेजारी प्रांत आहेत, त्यांच्यातल्या एकाला सरकारी स्पेलिंगमध्येच एक जादा ‘ए’ दिलाय. ताइझोऊच्या नशिबी तेवढंही नाही.) झेजियांगचं नाव त्येनताइ डोंगरावरून पडलं, बौद्धांचा त्येनताइ पंथ, म्हणजे जपानचा तेंदाई, त्याच डोंगराच्या नावाचा. दुसऱ्या ‘ताइ’चा अर्थ सुखशांती. ‘झोऊ’ मात्र दोन्हीकडे एकच: मुळात नदीतलं बेट, पुढे प्रशासकीय विभाग. हांगझोऊ, गुआंगझोऊमधला झोऊ तोच.

आता ओळखायचं कसं? पुरवठादाराकडून पत्ता चिनी अक्षरांत मागवा आणि ‘ताइ’चं अक्षर मोठं करून बघा. खाली रिकामा चौकोन दिसला, एकूण पाचच रेघा असल्या, तर झेजियांग. वर तीन आडव्या रेघा, चौकोनाचा पत्ता नाही आणि दहा रेघांची गर्दी असली, तर जियांग्सू. चिनी न येणाऱ्यालाही हे अर्ध्या मिनिटात जमतं.

त्याहून पक्का पुरावा म्हणजे बिझनेस लायसन्सची प्रत. तिच्यावर १८ अंक-अक्षरांचा नोंदणी क्रमांक असतो. पहिले दोन सोडून पुढचे सहा अंक नोंदणी झालेल्या भागाचे. ते ३३१० ने सुरू झाले तर झेजियांगचं ताइझोऊ, ३२१२ ने सुरू झाले तर जियांग्सूचं. वेनलिंग शहराचा संकेतांक ३३१०८१ आहे. ३३०० किंवा ३२०० दिसलं तर नोंदणी प्रांताच्या पातळीवर झालीय. प्रांत कळला, म्हणजे तुमचं काम झालंच. वेगळेच अंक असले तर कंपनी दुसरीकडे नोंदलेली आहे, मग कारखान्याचा पत्ता वेगळा मागा. असं असणं म्हणजे लबाडीच असं नाही, पण विचारायलाच हवं.

फोनवरूनही कळतं: लँडलाइनचा कोड ०५७६ असेल तर झेजियांग, ०५२३ असेल तर जियांग्सू. मोबाइल नंबरचा इथे उपयोग नाही. पिनकोड ३१७ किंवा ३१८ ने सुरू होत असेल तर झेजियांग. जियांग्सूकडे बहुतेक २२५, पण त्यातल्या जिंगजियांगचा २१४५०० आहे, तो पाहून गोंधळू नका.

हे सगळं कोटेशन येण्याआधी उरका. झेजियांगच्या मालाला निंगबो बंदर सोयीचं, जियांग्सूच्या मालाला शांघाय. एफओबी दर (माल बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च धरलेला दर) निंगबोचा घेतला आणि कारखाना निघाला जियांग्सूत, तर ट्रकच्या जादा भाड्यावरून वाद ठरलेला. तपासणीला माणूस पाठवणार असाल तर त्यालाही चिनी पत्ताच द्या. नुसतं रोमन ‘ताइझोऊ’ टाइप करून तिकीट काढलं तर तो भलत्याच शहरात उतरेल, आणि त्या दिवसाची फी तुम्हालाच भरावी लागेल.