वाचकांचे प्रश्न : कापसाची खोली आणि आईचा खोकला

प्रश्न : एप्रिल 2020 मध्ये माझ्या आईला खोकला सुरू झाला. एसटी बंद होती, गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकून रस्ता अडवला होता, आणि खोकल्याचे कळले तर जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन ठेवतील या भीतीने आम्ही तो लपवला. कापसाची खरेदी थांबल्याने पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली होती, म्हणून आम्ही सहाही जण आतल्या खोलीत झोपत होतो. फेब्रुवारी 2021 मध्ये आईला टीबी निघाला. सहा महिन्यांच्या औषधांनी ती बरी झाली. तिच्या कुशीत झोपणारी माझी पुतणी तेव्हा सहा वर्षांची होती, आता अकरा वर्षांची आहे. तिला धोका आहे का? आणि त्याच वर्षी गावातल्या मुलांना सर्दीताप फारसा आला नाही, मग कोंडून राहिल्याने रोग कमी झाले की वाढले?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही झाले, आणि त्याचे कारण आपल्या पत्रातील त्या कापसाच्या खोलीतच आहे.

फ्लूच्या विषाणूला वेळ थोडा असतो. रोगी साधारण आठवडाभरच तो इतरांना देऊ शकतो. तेवढ्यात नवा माणूस सापडला नाही तर साखळी तिथेच तुटते. शाळा, बाजार, लग्ने बंद झाल्यावर जगभर नेमके हेच घडले. फ्लूच्या विषाणूची ‘बी यामागाता’ ही शाखा तर मार्च 2020 नंतर खात्रीने कुठेच आढळलेली नाही, आणि म्हणून आता लसीतूनही ती वगळली जात आहे.

क्षयरोगाच्या जंतूला अशी घाई नसते. तो शरीरात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे गप्प बसतो, आणि पसरतो तो मुख्यतः बंद खोलीतली तीच ती हवा अनेक तास, अनेक रात्री सर्वांनी मिळून घेतल्याने. टाळेबंदीने आपल्याला बाजारातल्या खोकल्यापासून दूर नेले, पण घरातल्या खोकल्याच्या अधिक जवळ आणून बसवले. त्यात निदान लांबले : आरोग्य कर्मचारी कोरोनाच्या कामाला जुंपले गेले, थुंकीतील क्षयजंतू शोधणारी काही यंत्रेही तिकडे वळवली गेली. औषधे सुरू झाल्यावर रोग्यापासून होणारा संसर्ग साधारण दोन आठवड्यांत पुष्कळ कमी होतो. आपल्याकडे ती सुरू व्हायलाच दहा महिने लागले. यात आपला दोष मी मानत नाही, कारण त्या दिवसांत खोकला लपवणारे घर आपले एकटेच नव्हते.

देशात 2019 मध्ये क्षयरोगाचे सुमारे 24 लाख रुग्ण नोंदले गेले होते, 2020 मध्ये सुमारे 18 लाख. रोग घटला असे यावरून कुणाला वाटेल, पण घटली ती नोंद. जगातील क्षयरोगाचे मृत्यू त्याच वर्षी दहाहून अधिक वर्षांनंतर प्रथमच वाढले.

आता पुतणीविषयी. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो, आणि सर्वाधिक धोका पहिल्या दोन वर्षांत असतो. तो काळ उलटून गेला आहे, त्यामुळे घाबरू नये. मात्र धोका पूर्ण संपला असेही म्हणता येत नाही. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन आईच्या आजाराची तारीख आणि एकत्र झोपण्याची हकीकत स्पष्ट सांगावी, वजन करून घ्यावे, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास छातीचा एक्स-रे काढावा. रोग नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध द्यायचे की नाही, हे ते ठरवतील. घरातील संपर्कात आलेल्या सर्व वयाच्या व्यक्तींना असे औषध देण्याचे धोरण आपल्याकडे 2021 पासून आहे. पूर्वी ते मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांपुरते होते. त्या खोलीत झोपणाऱ्या बाकीच्यांनीही सोबत जावे. यापुढे कुणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला तर आशाताईंना सांगावे. थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

भाव पडल्यामुळे यंदाही कापूस घरात ठेवावा लागला, तर तो आतल्या खोलीत भरावा आणि झोपण्यासाठी खिडकी असलेली पुढची खोली मोकळी ठेवावी.