तोच गेम दहा जण खेळतात, मग व्यसन एकालाच का लागतं? हा स्वभावाचा दोष आहे का?

दोष म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे, तेव्हा उत्तर लांबेल. "तुह्यात दमच नाही बे," हे माझ्या मोठ्या भावाचं निदान.

२०२२ चा मे. साहेबानं सगळ्यांसमोर झापलेलं. नागपूरच्या नंदनवनात बिल्डिंगखाली गाडी लावली, दुधाच्या दोन पिशव्या हुकला लटकलेल्या, आणि सीटवर बसूनच रमीचा 'एकच डाव' उघडला. वर गेलो तेव्हा दीड तास उलटला होता, चार हजार गेले होते. पिशव्या कोमट लागत होत्या. गॅसवर ठेवताच दूध फाटलं. बायकोनं काही न विचारता ते फडक्यात बांधून नळाला टांगलं. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लोकांना वाटतं, जुगारी म्हणजे थरार हवा असलेला गडी. असतात तसेही. मी मात्र रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देणारा माणूस. माझी गोम वेगळी: मन दुखावलं की हात आधी चालतो, डोकं मागून येतं. उतावीळपणाचाच हा एक प्रकार आहे, राग-अपमान-उदासीत उसळणारा, आणि व्यसनाशी त्याचं नातं घट्ट. मूड बरा असला की आठवडा-आठवडा ॲप आठवायचंही नाही. त्यात एका पत्त्यानं हुकलेला डाव हरल्यासारखा वाटतच नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखा वाटतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जुगार आणि गेमिंग, दोन्ही विकार आहेत. 'दम नसणे' त्यात नाही.

आणि हेच भाऊसाहेब शेअर बाजारात रोज ऑप्शन्स खेळतात, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावतात! शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत अशा फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांमध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. आकडा पाठवला, तर म्हणे, "ते वेगळं आहे बे, तो अभ्यास आहे."

हां, असा स्वभाव असला म्हणजे व्यसन लागतंच असं नाही. कर्ज, एकटेपणा, खेळ बनवणाऱ्यांची हुशारी, सगळंच भर घालतं. अपमान झालेल्या दिवशी फोन घरच्यांकडे द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मी डॉक्टरकडे उशिरा गेलो. निदान मोठ्या भावाकडून करून घेऊ नका.

एक्स्पायरीच्या, म्हणजे ऑप्शन्सची मुदत संपते त्या दिवशी तो दुपारपासून गच्चीवर एकटाच असतो. वहिनी चहासुद्धा वर नेत नाहीत.